हिरव्या पडद्यापुढचं जग

फोटो गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र दुकानातच राहतो. आमच्या केजातल्या स्टुडिओत असे किस्से इतके साचलेत, की नवा कप्पा करावा म्हटलं तरी जागा नाही. आमचे हे लग्नाच्या ऑर्डरी घेऊन गावोगाव हिंडतात. दुकान, कॉम्प्युटर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची डोकेदुखी माझ्या वाट्याला. त्यामुळे किस्सेही माझेच. ह्यांना विचाराल तर नवरीचा मामा कसा रुसला, याच्या पुढं गाडी जात नाही!

आमचं काम सोपं आहे. मागं हिरवा पडदा, पुढं माणूस. फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर माणूस कापून घ्यायचा आणि म्हणेल त्या देशात नेऊन उभा करायचा. आता मोबाइलवर पोरं हेच काम चहा पिता पिता करतात, ते खरं. पण काचेच्या फ्रेममधला, भिंतीवर लावायचा फोटो पाहिजे असला, की पाय आमच्याच दुकानाकडं वळतात.

शिवाय माझी एक पद्धत आहे. फोटोबरोबर त्या जागेची थोडी माहिती तोंडी सांगते, फुकट. उद्या घरी पाहुणा आला आणि "हे काय हाय?" म्हणाला, तर माणसाला दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत की नाही? नुसतं "फॉरेन हाय" म्हणून कसं भागेल!

*

आमच्याच गल्लीतल्या सखूआक्का एकदा आल्या. लेकीनं नवं घर बांधलं होतं, तिथं लावायला फोटो हवा होता. मी कॉम्प्युटरवर एकेक जागा दाखवत गेले. आक्कांनी अमेरिकेच्या त्या मशालवाल्या पुतळ्यावर बोट ठेवलं.

"हिच्यापाशी उभी कर. बाईमाणूस हाय, बरं वाटंल."

मी उभ्या केल्या आणि सवयीप्रमाणं सुरू झाले. म्हटलं, "आक्का, ही वरून सगळी तांब्याची आहे बरं का. बसवली तेव्हा आपल्या घंगाळासारखी लालसर होती. वाऱ्या-पावसानं हिरवी पडली."

आक्कांचा चेहराच बदलला. "तांब्याची? अन् हिरवी पडूस्तोर कुणीच घासली न्हाई? एवढा मोठा देश, चिंच मिळंना व्हय?"

मला हसू आवरेना. मग समजावून सांगितलं, की तो हिरवा थर आतल्या तांब्याला सांभाळतो, म्हणून मुद्दाम कुणी घासत नाही. आक्कांनी त्या हिरव्या पुतळ्याकडं पुन्हा एकदा बघितलं. म्हणाल्या, "हे कुणी आधी न्हाई सांगितलं. आमी जल्मभर घासत बसलो!"

*

गणेश पहिल्यांदा आला तो दिवाळीच्या तोंडावर. पंचविशीचा, पाठीवर बॅग, नवी कोरी पँट. किराणा दुकानात साखर मागावी तसं म्हणाला, "ताई, दुबई हाय का?"

"आहे की. कुठले तुम्ही?"

"तलवाड्याचा."

मी म्हटलं, "अहो, तलवाड्याहून केजला? मधे गेवराई आहे, बीड आहे. तिथले स्टुडिओ संपले का?"

"तिथं वळखीचे भेटत्यात," तो म्हणाला, आणि मान खाली घातली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एजंटानं दुबईची नोकरी कबूल केली होती. गावानं सत्कार केला, चौकात बॅनर लागलं, आईनं घरोघर जाऊन पेढे वाटले. हा बॅग घेऊन निघाला. व्हिसा आज येतो, उद्या येतो करत आलाच नाही. गावाकडं तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून पुण्यात उतरला तो तिथंच राहिला. एका हॉटेलात तंदूरवर रोट्या लावत होता. आणि आता 'दुबईहून सुट्टीवर' घरी निघाला होता.

"आईला कळलं तर मरंल ती, ताई. तिला कायबी करून कळू द्यायचं न्हाई."

असं कुणाच्या घरातलं ऐकलं, की माझं तोंड बंदच होत नाही. पण त्या दिवशी झालं. मी गुपचूप त्याला बुर्ज खलिफापुढं उभा केला. माहितीही दिली, सवयच ना! म्हटलं, "ही इमारत एवढी उंच आहे, की खाली सूर्य बुडाला तरी वरच्या मजल्यावरनं दिसतच असतो. म्हणून रमजानमध्ये वरच्या लोकांना रोजा दोन-तीन मिनिटं उशिरा सोडावा लागतो."

त्यानं दोनदा म्हणून बघितलं. परीक्षेला निघालेल्या पोरासारखं पाठ केलं आणि गेला.

*

एका लग्नाच्या फ्रेमची गंमत सांगते. नवरा-नवरीला पिसाच्या मनोऱ्यापुढं उभं केलं होतं. फोटो न्यायला आले नवरीचे वडील.

"मनोरा वाकडा कावून?"

म्हटलं, "काका, तो तसाच आहे. खालची जमीन भुसभुशीत. दोन-तीन मजले चढले तेव्हाच कलायला लागला, तरी त्यांनी पुढचे मजले चढवलेच. अलीकडं थोडा सरळ केलाय, पण पुरता नाही केला. सरळ झाला तर बघायला कोण येणार?"

"ते त्यांचं ते बघत्याल. लेकीच्या संसारामागं वाकडी गोष्ट नगं. सरळ करा."

आता काय बोलणार! बसले सरळ करत. मनोरा सरळ केला तर मागचं चर्च कललं. चर्च सरळ केलं तर सगळी हिरवळ उताराला लागली. शेवटी सगळं ओढूनताणून जागेवर आणलं, तर जावईबापू एका अंगाला झुकलेले!

काकांनी फोटो लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "असू द्या. मनोरा सरळ हाय ना? जावयाला लेक सरळ करंल!"

*

पुढच्या वर्षी गणेश पुन्हा हजर. वाळला होता. पण सांगायला काहीतरी होतं, ते तोंडावरच दिसत होतं.

गावाकडं शेजारच्या पोराच्या मोबाइलवर फोन लावून आईशी बोलायचा तो. रोजा सोडण्याची ती गोष्ट त्यानं आईला सांगितली होती. आई म्हणाली, "मंग वर कावून राहत्यात? खाली येऊन जेवून जावं की!" आम्ही दोघं पोट धरून हसलो. हसता हसता तो म्हणाला, "मंग तिनं इचारलं, तू कितव्या मजल्यावर जेवतो?"



आता आई विचारत होती, तिकडं आणखी काय बघितलंस? कंपनीनं सहल नेली असं सांगून त्याला पिरॅमिड पाहिजे होते. केले. म्हटलं, "पिरॅमिड राजांचे. पण ते बांधणाऱ्या मजुरांची वस्तीही तिथं जवळच सापडलीय. झोपायच्या जागा, भाकरी भाजायच्या भट्ट्या, सगळं निघालं मातीखालून."

चार दिवसांनी पुण्याला परत जाताना तो वाट वाकडी करून पुन्हा दुकानात आला. नुसता सांगायला.

"ताई, आईला भट्ट्यांचं सांगितलं. ती म्हनली, राजाचा फोटो ऱ्हाऊ दे, भट्टीवर जो बसायचा त्याचा हाय का?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हननार? तिच्याकडं पाठ फिरवून उठलो अन् बाहेर गेलो."

त्याच्या मनगटावर तंदूरचे चटके होते. ते लपवायला घरात भर उकाड्यात फुल बाह्यांचा शर्ट घालून बसला होता म्हणे. मी म्हटलं, "अरे, सांगून टाक ना तिला." तर जवळजवळ ओरडलाच, "न्हाई जमायचं ताई! ते बॅनर अजून चौकात हाय!" मला त्या बॅनरवाल्यांचा असा राग आला म्हणून सांगू! फाटतही नाही मेलं.

*

भिवामामा मेंढरांमागं आयुष्य काढलेला माणूस. नातवानं धरून आणलं. नातू म्हणे, "आज्याला इंग्लंडला उभं करा." तिथली ती उभ्या दगडांची गोल मांडणी मी कॉम्प्युटरवर लावली. प्रचंड दगड, काही दगडांवर आडवे दगड ठेवलेले.

मामा कॉम्प्युटरजवळ सरकले. "मेंढवाडा हाय का?"

"नाही मामा. हजारो वर्षांपूर्वीचं आहे. सूर्य कुठून उगवतो, कुठं मावळतो, त्या हिशोबानं मांडलंय. पण कशासाठी मांडलं, ते अजून कुणाला नक्की कळलेलं नाही."

"लांबून आणले दगड?"

"काही तर फारच लांबून."

मामांनी दगडांमधल्या मोकळ्या जागांवरनं बोट फिरवलं. म्हणाले, "येवढ्या मधल्या फटी! एक बी मेंढरू रातभर टिकायचं न्हाई. म्हंजी वाडा न्हाईच ह्यो." आणि नातवाकडं वळून समाधानानं म्हणाले, "चल, येक तर नक्की झालं. बाकीचं त्यायनं हुडकावं!"

*

गुरुजींचा किस्सा मात्र हसण्याचा नाही. शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची मूर्ती. त्यांना श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचा फोटो पाहिजे होता, मोठा.

मी पडदा सारखा केला. "या गुरुजी, बसा."

"मी नको. नुसतं झाड दे."

"अहो, झाडाखाली छान बसवते तुम्हाला. कुणाला कळणारसुद्धा नाही."

गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, त्या झाडाखाली खोटं बसायचं? मी जाईन तेव्हा बसेन. तोवर जागा मोकळी असू दे."

त्या दिवशी माहिती मी नाही दिली, त्यांनीच मला दिली. फार पूर्वी एका राजाची लेक बोधगयेच्या झाडाची फांदी घेऊन तिकडं गेली. पुढं बोधगयेचं मूळ झाड राहिलं नाही. मग लंकेतल्या त्या झाडाचंच रोप बोधगयेला परत आणलं, असं सांगतात.

मी म्हटलं, "म्हणजे लेकीनं सासरी नेलेलं माहेरी परत आलं."

"असंच काहीसं," गुरुजी म्हणाले. फोटो छातीशी धरून गेले. अजून जाणं झालेलं नाही त्यांचं. रस्त्यात भेटले की मी विचारते, ते म्हणतात, "जागा मोकळी आहे."

*

आणि ही गेल्या महिन्यातली गोष्ट.

दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एक म्हातारी दुकानाची पायरी चढली. नऊवारी, हातात कापडी पिशवी. "फोटोवाली तूच का माय?" म्हणाली आणि स्टुलावर टेकली. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला फोटो काढला.

बुर्ज खलिफा. पुढं गणेश, नवी कोरी पँट.

मी फोटो लगेच ओळखला. तरी विचारलं, "कुठून आलात, मावशी?"

"तलवाड्याहून. बीडला गाडी बदलली." तिनं फोटो उलटा केला. प्रत्येक फोटोच्या मागं दुकानाचा शिक्का मारायची माझ्या हाताला सवय. "हे शाळेतल्या बाईकडून वाचून घेतलं. केज लिवलंय म्हनली."

मी घाईघाईनं म्हटलं, "हो, हो! दुबईहून नेटवर फोटो येतात, मी नुसते छापते." इतकं वाईट खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. म्हातारी "हां" म्हणाली. पाणी मागितलं, प्यायली.

"मला बी दुबईला उभी कर."

तिनं तोंड धुतलं, पदर नीट केला, आणि पडद्याजवळ जाऊन चपला काढल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "असू द्या मावशी, तिकडं वाळू तापलेली असते." तिनं मुकाट्यानं परत घातल्या. हात दोन्ही बाजूंना सरळ ठेवून उभी राहिली. फोटो निघाला.

कॉम्प्युटरवर ती एकटीच, आणि मागं ती ढगात गेलेली इमारत. मला बघवेना. म्हटलं, "मावशी, गणेशला शेजारी उभा करू का? दोघं मायलेक छान दिसाल."

बोलले आणि जीभ चावली. नाव तिनं सांगितलंच नव्हतं की!

म्हातारीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कॉम्प्युटरवर नजर ठेवून म्हणाली, "नगं. तो कुठं तिथं हाय?"

 मी प्रिंट काढली. तिनं ती हातात घेऊन खालपासून वरपर्यंत बघितली. "उंच हाय बाई," एवढंच म्हणाली. मी पाकीट पुढं केलं, तर तिनं फोटो त्यात घातला आणि पाकीट काउंटरवरून माझ्याकडंच सरकवलं.

"मला नगं. पोरगं येतं न्हवं तुझ्याकडं? आलं की त्याला दे. म्हनावं, तुझी माय दुबईला जाऊन आली. लई लांब न्हाई."