पुडीतलं जळकं कार्ड

कपाट उघडलं की डांबरगोळीचा वास येतो आणि मला आमच्या मिलच्या कंट्रोल रूममधली लोखंडी पेटी आठवते. तिथलं पॅनल इतकं जुनं होतं की त्याचे पार्ट बनवणारी कंपनीच उरली नव्हती. म्हणून आमचे सीनियर टेक्निशियन, सगळ्यांचे काका, मोडीत निघालेल्या पॅनलमधली चांगली सर्किट कार्डं काढून डांबरगोळीसोबत कागदाच्या पुडीत बांधून त्या पेटीत जपून ठेवत. एकदा ते रजेवर असताना पॅनलचं कार्ड जळालं. मी खिळ्याला टांगलेल्या किल्लीनं त्यांची पेटी उघडून तिच्यातलं शेवटचं कार्ड लावलं, साहेबांची शाबासकी घेतली आणि पुडी रिकामी दिसू नये म्हणून जळकं तिच्यात बांधून ठेवलं. कॅम्प-१ भागातल्या भंगारवाल्यांकडे दुसरं मिळालं की बदलू, असं वाटलं होतं. मिळालं नाही, आणि मी बोललोही नाही. दोन महिन्यांनी पुन्हा कार्ड जळालं आणि मिल थांबली. "घाबरू नका साहेब, माह्यापाशी हाय," म्हणत काकांनी पुडी सोडली, कार्ड लावलं. काहीच हललं नाही. "काका, तुमची तिजोरी तं कबाडखाना निघाली!" कोणीतरी हसलं. काका कार्ड उलटसुलट पाहत राहिले. "मीच जळकं ठेवलं असंन. आजकाल ध्यानात नाई राहत." शिफ्ट सुटताना त्यांनी पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "तूच सांभाळ आता. मले माह्या डोक्याचा भरोसा नाई राहिला." मी "हो काका" एवढंच म्हणालो. त्यानंतर साधा स्क्रू आवळला तरी ते मला विचारायचे, "बरोबर हाय ना?" आता काका नाहीत, पॅनलही नाही. किल्ली मात्र माझ्या कपाटात आहे. घरच्यांनी कशाची म्हणून विचारलं, तर जुनी आहे, एवढंच सांगतो.