वाळूवरचा पोळपाटाएवढा माग

हे लिहायचं मी कित्येक वर्षं टाळलं. वाचकांच्या विलक्षण अनुभवांचं हे सदर वाचतो, वाटतं आपणही लिहावं, आणि मग चष्मा काढून ठेवतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "अहो, लिहा एकदाचं. नाहीतर त्या बाईंना जाऊन सांगा. दोन्ही जमत नसेल तर निदान उसासे टाकणं तरी बंद करा." आता बायको नाही, त्या बाईही नाहीत. माझी पंच्याहत्तरी कधीच उलटली. गुडघे गेले, झोप गेली... ही एक गोष्ट तेवढी जात नाही.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी मेकॅनिकल इंजिनियर. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला, गाड्यांच्या कारखान्यात सगळी नोकरी झाली, तीही हीटिंगच्या विभागात. थंडीत गाडीत बसलेल्या माणसाला लवकरात लवकर ऊब कशी मिळेल, यातच माझं आयुष्य गेलं. हे मुद्दाम सांगतोय. पुढे त्याचा संबंध आहे.

रिटायर झाल्यावर आम्ही दोघं उत्तर समुद्राच्या काठी, कुक्सहाफेनपासून थोडं दूर, एका लहानशा गावात राहायला गेलो. मी मूळचा कोकणातला, सुनंदा पुण्याची. तिला तो समुद्र कधी आवडला नाही. "हा कसला समुद्र, अर्धा वेळ घरी नसतो," असं ओहोटी बघून म्हणायची. मला मात्र करमेना, म्हणून तिथल्या एका स्वयंसेवी गटात नाव दिलं. काम साधं होतं. हिवाळ्यात वादळ होऊन गेलं की दोघादोघांनी किनाऱ्यावरून चालायचं. दमून पडलेले पक्षी, आईपासून सुटलेलं सीलचं पिल्लू, असं काही दिसलं की प्राण्यांच्या बचाव केंद्राला कळवायचं.

क्वचित, फारच क्वचित, समुद्री कासव येतं. गरम समुद्रातलं कासव वाट चुकतं, प्रवाहाबरोबर उत्तरेला येतं आणि थंड पाण्यात गारठून लाकडासारखं होतं. त्याबद्दल आम्हाला बजावून शिकवलं होतं. परत पाण्यात सोडायचं नाही. नुसतं बघून मेलं म्हणायचं नाही. आणि एकदम ऊब द्यायची नाही. गारठलेल्या अंगाला हळूहळू, काही दिवस घेऊन गरम करायचं असतं.

माझ्या जोडीला फ्राऊ पेटरसन होत्या. रिटायर झालेल्या शाळामास्तरीण, माझ्याहून थोड्या मोठ्या. नवरा गेल्यापासून हा गट म्हणजेच त्यांचं घर होतं. थर्मासमध्ये काळा चहा आणायच्या आणि कपात खडीसाखरेचा मोठा खडा टाकून वर ओतायच्या.

"हेर मयेकर, हातमोजे किती घातलेत?"

"दोन."

"आत तिसरे दिसतायत."

"ते बायकोने घातलेत. ते माझे नाहीत."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणायच्या. "लग्न झालेल्या माणसाला थंडी वाजत नाही, भीती वाटते."

२०१३-१४च्या सुमाराची गोष्ट. वादळानंतरच्या एका सकाळी शेवाळाच्या गुंत्यात आम्हाला कासव सापडलं. पोळपाटाएवढं, पिल्लूच म्हणायचं. मी म्हटलं, "गेलेलं दिसतंय." त्या रागावल्या. "असं म्हणायचं नाही." फळांच्या खोक्यात टॉवेल घालून आम्ही ते त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर ठेवलं. एक आलंय तर आणखी असतील, म्हणून त्या पुढचा किनारा बघायला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "तुम्ही याच्याजवळ बसा. गाडी बंदच राहू दे." किल्ली तिथेच होती.

मी बसलो. आणि त्याने डोळा उघडला.

लहानपणी आम्ही गावातली पोरं कासवांचे माग काढायचो. मादी वाळूतून वर येते तेव्हा मधे सपाट पट्टा उमटतो आणि दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे फटके, एक इकडे, एक तिकडे. त्या मागाच्या टोकाला अंडी. आम्ही ती उकरून घरी न्यायचो. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटत नसे. पण त्या दिवशी तो डोळा बघून मला काय झालं, कोण जाणे. सुनंदाने गुडघ्यांसाठी दिलेली गोधडी मी त्याच्यावर पांघरली. गाडी चालू केली. हीटर पूर्ण सोडला.

मला नियम माहीत होता. पण समोर गारठलेला जीव आहे आणि आपण त्याला ऊब द्यायची नाही, हे माझ्या हातांना पटेना. थोड्या वेळाने त्याने वल्हं हलवलं. मला इतका आनंद झाला... मग ते हलायचं थांबलं.

आरशात फ्राऊ पेटरसन येताना दिसल्या. मी हीटर बंद केला, इंजिन बंद केलं, काचा खाली घेतल्या, गोधडी पिशवीत कोंबली. चोरासारखा. त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे बघितलं. मग किल्ली फिरवली. सगळा रस्ता काचा खाली ठेवून गाडी चालवली.

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर लावला.

"किनाऱ्यावरून थेट आणलंत?"

"हो."

"मग हे इतकं गरम कसं?"

मी माझ्या बुटांना लागलेल्या वाळूकडे बघत होतो.

"गाडी कोणाची?"

"माझी," फ्राऊ पेटरसन म्हणाल्या. एवढंच. खोटं त्या बोलल्या नाहीत. खोटं मीही बोललो नाही, बोललोच नाही. एवढी वर्षं या देशात राहून, आता कुठे या लोकांनी मला आपल्यात घेतलं होतं, आणि मला 'चुकलेला परदेशी' व्हायचं नव्हतं. कारण एवढंच आहे. दुसरं सांगायला माझ्याकडे नाही.

संध्याकाळपर्यंत कासव गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित तसंही वाचलं नसतं. पण गटाने फ्राऊ पेटरसनना काम सोडायला सांगितलं. गटाचं नारिंगी जॅकेट बाह्या दुमडून, नीट घडी घालून त्यांनी परत केलं तेव्हा मी तिथेच होतो.

"आल्झो, तर मग हेर मयेकर, आता तुम्हाला माझ्या चहाशिवाय चालावं लागणार."

मी "हो" म्हणालो.

घरी सुनंदाने पिशवीतून गोधडी काढली. ओली, वाळूने भरलेली. तिने माझ्याकडून सगळं वदवून घेतलं.

"गाडीत तुम्ही होतात आणि घरी बसल्या त्या?"

"उद्या जाऊन सांगतो."

"उद्या? नळ गळतोय तोही तुम्ही उद्याच दुरुस्त करणार होतात. गळतोय अजून."

तो उद्या आला नाही. हिवाळा संपला, उन्हाळा गेला, पुढचा हिवाळा आला.

आता तो दिवस. पुन्हा वादळानंतरची सकाळ, चांगलं उजाडलेलं. माझा नवा जोडीदार सर्दीने घरी होता. गेल्या हिवाळ्यापासून आमच्याकडे एकट्याने वाळूवर उतरायची परवानगी नव्हती, म्हणून मी किनाऱ्यालगतच्या बांधावरूनच नजर टाकणार होतो. वाळूचा वरचा थर गोठलेला. ओहोटी लागलेली.

खाली पाण्याच्या कडेपासून वर येणारा माग दिसला.

मधे सपाट पट्टा. बाजूंना फटके, एक इकडे, एक तिकडे. मी बांधावर उभा राहून किती वेळ बघत होतो, सांगता येत नाही. मग खाली उतरलो. लहानपणी असे माग कितीतरी पाहिले होते, पण ते मोठ्या माद्यांचे. एवढा अरुंद कधी पाहिला नव्हता. पोळपाटाएवढा. पिल्लं आपणहून किनाऱ्यावर चढत नाहीत. आणि उत्तर समुद्रात, कडाक्याच्या थंडीत, वाळूवर चालणारं कासव... ते नसतंच.

मी मागावरून चालत गेलो. लहानपणीची सवय, दुसरं काय. माग किनाऱ्यावरून सरळ वर, वाळूच्या टेकड्यांमध्ये शिरला. तिथे, बांधावरून कधीच दिसलं नसतं अशा खळग्यात फ्राऊ पेटरसन पडलेल्या होत्या. अंगात साधा कोट. माग त्यांच्या पाठीशी संपला होता. पुढे काही नाही. परतीचा माग नाही. कासव नाही.

त्यांना बघून मनात आलं, गेल्या. आणि लगेच त्यांचाच आवाज आठवला, असं म्हणायचं नाही. ॲम्ब्युलन्सला फोन केला. मग माझे हात निघाले होते त्यांचे हातपाय चोळायला. मी थांबवले. माझं जाकीट हळूच अंगावर घातलं, मफलर डोक्याला गुंडाळला, जास्त हलवलं नाही. नुसता बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. जे बोलायला हवं होतं ते नाही, एवढं नक्की.

ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने मला विचारलं, "चोळलंत का त्यांना?" नाही म्हटलं. "बरं केलंत." मग स्ट्रेचर उचलताना त्याने खाली बघितलं. "लहान मुलांची घसरगाडी ओढत आणलीत का इथे?" म्हणजे माग त्यालाही दिसला होता. मी त्याला काय सांगणार? नंतर स्ट्रेचर आणि बुटांखाली वरचा भाग तुडवला गेला, खालचा भरतीने नेला. फोटो काढायचं मला सुचलंच नाही.

त्यांचा पाय मोडला होता. पहाटे एकट्याच फिरायला गेल्या होत्या. गट नाही, जोडीदार नाही, पण सवय सुटली नव्हती. तो जोडीदार कोणामुळे नव्हता, हे मला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये निघताना सुनंदा दारात म्हणाली, "आज सांगितल्याशिवाय घरी येऊ नका." मी वाक्य पाठ करून गेलो होतो.

"तुम्हाला कशी सापडले मी?" फ्राऊ पेटरसननी विचारलं.

मी मागाचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"मला थंडी वाजत नव्हती," त्या म्हणाल्या. "पाठीला काहीतरी गरम टेकलं होतं. कोणीतरी गाडीतला हीटर लावावा, तसं."

मग चष्मा काढून चादरीच्या टोकाने पुसला आणि माझ्याकडे बघितलं. अगदी तेव्हासारखं.

नर्स नंतर मला म्हणाली, फार गारठलेल्या माणसाला शेवटी गरम वाटतं, तसे भास होतात. असेल. पण त्या मला फक्त झालेलं सांगत होत्या, की माझ्यासाठी दार उघडून धरत होत्या, हे मला आजही कळलेलं नाही. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं.

"चहा आणू का?" मी म्हणालो.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणा. खडीसाखर असली तर बघा."

नंतर त्या मुलीकडे न्युरेम्बर्गला गेल्या. दर ख्रिसमसला त्यांचा फोन यायचा. मी हवेचं बोलायचो, गुडघ्यांचं बोलायचो. सुनंदा शेजारी बसून मला कोपराने ढोसायची. मग एका वर्षी फोन त्यांच्या मुलीचा आला.

मागाचा उलगडा करायचा मी खूप प्रयत्न केला. ओढत गेलेलं शेवाळ असेल, सीलचं पिल्लू असेल, खरंच कोणाची घसरगाडी असेल. सील सरपटतं त्याचा माग वेगळा असतो. बाकी काही जुळत नाही. मी कागदावर काढूनही पाहिलं. मला माहीत नाही, आणि आता कळेल असंही वाटत नाही.

वाक्य मी जर्मनमध्ये तयार केलं होतं, क्रियापद शेवटी येईल असं व्यवस्थित. ते आता कोणाला ऐकवू? म्हणून माझ्याच भाषेत लिहितो.

फ्राऊ पेटरसन, त्या दिवशी गाडीतला हीटर मी लावला होता. तुम्हाला माहीत होतं, तरीही मी सांगायला हवं होतं. मला माफ करा.