लेन्यापाशी अंगावर घोंगडं कुनी टाकलं?

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. मी आठवी शिकल्ये, त्यामुळं लिवन्यात चुका असतील, समजून घ्या. पोरगी झोपलीय तवर पटापट लिवून घेते... उठली की मोबाईल मागती.

पयलंच सांगते, मी असल्या गोष्टींवर इस्वास ठेवनारी बाई न्हाई. आमच्या वाडीत कुनाला ताप आला की बाया मीठ-मिरच्या उतरवत्यात, मी सरळ डॉक्टरकडं जाते. सासूबाई म्हनत्यात, "हिचं काळीज बाप्याचं हाय." तर अशी मी. पन हे जे झालंय त्याचा मला अजून उलगडा न्हाई, खोटं कशाला सांगू.

आमची वाडी बेडसे लेन्याच्या डोंगराखाली हाय, कामशेतवरनं पवना धरनाकडं जाताना. आमचे हे धरनाकडच्या एका रिसॉर्टची जीप चालवत्यात. तितं पुन्या-मुंबईची मानसं येत्यात, त्यांच्या एका दिवसाच्या ट्रिपा असत्यात — सकाळी किल्ला न्हाईतर लेनी, मंग गावरान जेवन, मंग धरनावर बोट. गावरान जेवन म्हंजी माझं. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. मी डोक्यावर पाटी घेऊन पायऱ्या चढून वर नेते आन सावलीला पंगत बसती. पावनी इचारत्यात, "वाव ताई, चुलीवरची का?" मी व्हय म्हनते. गॅसवरची असली तरी.

त्या दिवशी शिमगा व्हऊन गेल्याला, ऊन लय तापल्यालं. माझी पोरगी स्वरा तवा नुकती बसायला शिकल्याली, अंगावरच पीत व्हती. सासूबाई उर्श्याला लग्नाला गेलत्या, मंग पोरीला कुटं ठेवू? घेतली झोळीत आन चढले. ह्यांनी पाटी घेतली. पन पाटी वर ठेवली आन लगेच खाली उतरले, जीपचा टायर बसल्याला व्हता म्हनून.

पावन्यांबरोबर निलेश सर व्हते. तळेगावचे हायेत, रिसॉर्टवर गाईडचं काम करत्यात, ह्यांचे दोस्त. मला वयनी म्हनत्यात. ते लय झ्याक सांगत्यात. खाली कोकनातल्या बंदरावरनं मानसं बैलांवर मीठ-बीठ लादून घाट चढून यायची, पावसापान्याची ह्या लेन्यांत मुक्काम करायची, हितल्या दगडावर कुन्या एका बाईनं दान दिल्याचं कोरलंय... आमी जल्मापासनं हितं, आमाला म्हायती न्हाई. आमच्यासाठी लेनी म्हंजी शेरडं गेली की शोधायची जागा.

आता मेन सांगते. लेन्याच्या वरच्या अंगाला कातळाला आग्या मोहळं लागत्यात. सुपाएवढी, काळी, लोंबल्याली. वाडीतलं शेंबडं पोरबी त्याच्याखाली इडी पेटवनार न्हाई. मी ल्हान असताना माझ्या चुलत्याचा बैल खुट्याला बांधल्याला व्हता आन माश्या उठल्या. त्याला दावं तोडता आलं न्हाई. आमी पोचलो तवर तो पडल्याला. एवढा बैल... तवापासनं मला त्या आवाजाची जी भीती बसलीय ती बसलीय. भुताची न्हाई, माशीची.

पावन्यांत एक गॉगलवाला व्हता. त्यानं पिशवीतनं ते उडवायचं यंत्र काढलं, ड्रोन. निलेश सर लगेच म्हनाले, "सर, इथं ड्रोनला परवानगी नाही."

"अरे दोन मिनिटं, रील करायचीय फक्त."

"वर पोळी आहेत सर. चालणार नाही."

"मी कुठं पोळ्याला लावतोय? चिल यार."

त्याची बायको म्हनली, "राहू दे ना रे, तुझं सगळीकडं तेच. लग्नात पण भटजींच्या डोक्यावर उडवलं होतंस." सगळी हसली. त्यानं यंत्र पिशवीत टाकलं. मीबी हसले.

मंग निलेश सर सगळ्यांना घेऊन आतल्या लेनीत गेले, जितं भिंतीला ल्हान ल्हान खोल्या कोरल्यात. स्वरा रडाय लागली, तर मी भायेर पान्याचं टाकं हाय त्याच्या कडेला, सगळ्यांकडं पाठ करून पाजायला बसले. तिनं नुकतं तोंड लावलं आन मला वर घर्रर्र ऐकू आलं. मान वर केली तर ते यंत्र कातळाच्या कडंनं वर चाललंय. तो भाद्दर मागं ऱ्हायला व्हता.

मी वरडले, "ओ दादा, उतरवा ते!" त्यानं हातानं थांब केलं. मला! थांब!

आन मंग तो आवाज. पिठाच्या गिरनीचा पट्टा सुटावा तसा... आधी एकीकडनं, मंग सगळीकडनं. ऊन काळं झाल्यागत वाटलं. गॉगलवाला किंचाळत पायऱ्यांकडं पळाला. आत बायका-मानसांचा कालवा. निलेश सर आतनं वरडत व्हते, "आत या! खोलीत शिरा! वहिनीऽ आत या!"

मी उठले न्हाई. का ते सांगते. टाक्यापासनं आतल्या लेनीपतुर उघड्यावरनं जावं लागतं आन माश्या मधीच व्हत्या. पळनाऱ्याच्या मागं त्या लागत्यात हे मला म्हायती. मी ठरिवलं — हितनं हलायचं न्हाई. पोरीला पोटाशी घेऊन वाकले, पदर दोघींवर वढला, त्वांड गुडघ्यांत घातलं. पन पदर कसला, नायलॉनची साडी! त्यातनं ऊन दिसत व्हतं, तर डंख लागनार न्हाई का? स्वरा मोठ्यानं रडाय लागली. मी मनात म्हनलं, मला काय बी व्हवू दे, मला किती बी चावू दे, हिला एक बी नको. एवढा जीव... हिला एक बी नको.

आन तवा अंगावर जड काय तरी पडलं.

घोंगडं. मी सांगते ना, घोंगडंच. मला घोंगडं कळत न्हाई का? माझा बा शेवटपतुर घोंगड्यावरच निजला. तसंच खरखरीत, जाडजूड, डोक्यापासनं पार भुईपतुर. एकदम अंधार झाला. धुराचा वास, मेंढीचा वास आन काय तरी खारट... सुकटीच्या पाटीला असतो तसा. मला आधी वाटलं निलेश सर आले. मी आतनं म्हनलं, "सर, तुमी बी आत या, जागा हाय!" कोन बोललं न्हाई.

मी डोस्कं वर कराया गेले तर वरनं हात आला. घोंगड्यावरनं, डोक्यावर. हळूच न्हाई, चांगला दाबला. खाली. मी परत वर केलं, परत दाबला. मंग मी म्हनलं, "कोन हाय? दादा, तुमाला चावतील, आत या की वो..." मला रडू आलं. माझ्यासाठी कोन परका मानूस भायेर उभा ऱ्हाऊन मरायला लागला असं वाटलं मला.

मंग तो हात पाठीवर आला आन थोपटाय लागला. तान्ह्याला निजवत्यात तसा. दमादमानं. भायेर एवढा कालवा आन ह्यो हात थोपटतोय. स्वरा रडायची थांबली. चाचपडत परत प्यायला लागली. तिचं ते चुटूचुटू पिनं मला ऐकू येत व्हतं, एवढं आत शांत झाल्यालं. मी हलले न्हाई. कंबर मोडली, पायाला मुंग्या आल्या, तरी न्हाई. तो हात हाय तवर हलायचं न्हाई असं मी ठरिवल्यालं.

किती वेळ गेला काय कळलं न्हाई. मंग हात थांबला. अंगावरचं वजन गेलं — कुनी वढलं न्हाई, नुसतं गेलं. डोळ्यावर ऊन आलं. बगते तर कोन न्हाई. घोंगडं न्हाई. टाकं, पानी, माझी साडी, आन पोरगी माझ्याकडं बगून हसतीय.

निलेश सर खोलीच्या दाराशी पंगतीची सतरंजी धरून उभे व्हते. एक डोळा सुजून बंद झाल्याला. ते माझ्याजवळ येईनात. लांबनंच म्हनाले, "वहिनी... बाळ?"

"बाळ बरं हाय. सर, घोंगडं कुनी टाकलं माझ्यावर?"

"कसलं घोंगडं?"

"अवो कसलं म्हंजी? मला झाकलं व्हतं ना कुनी!"

तर ते बाहीनं त्वांड पुसत म्हनाले, "वहिनी, तुमच्यावर कुणीच काही टाकलं नाही. मी इथूनच बघत होतो सगळा वेळ, येता येत नव्हतं मला. तुमच्या अंगावर माश्या होत्या. डोक्यापासून खालपर्यंत नुसत्या माश्या. साडीचा रंगसुद्धा दिसत नव्हता. मला वाटलं... मला वाटलं संपलं."

त्यांच्यामागं गॉगलवाल्याची बायको उभी व्हती, तिनंबी मान हलिवली. तिला बोलता येत नव्हतं, ओठ सुजल्याला. तिनं नुसते हात डोक्यावरनं खालपतुर नेले. असं... एवढ्या.

टायर तवर बदलून झाल्याला, ह्यांनी जीप हानली ती थेट दवाखान्यात. गॉगलवाला पायऱ्यांवर पडल्याला, त्याला उचलून न्यावं लागलं. तो वाचला, पन लय दिवस ॲडमिट व्हता. निलेश सरांच्या, पावन्यांच्या अंगातनं काटे काढता काढता नर्सबाई थकली. माझी पाळी आली. डॉक्टरबाईंनी स्वराला सगळं उघडं करून बगितलं, कानामागं, मानंखाली, मुठी उघडून. मंग मला बगितलं. एक बी काटा न्हाई. दोघींना मिळून एक बी न्हाई.

डॉक्टरबाई म्हनल्या, "कधी कधी माश्या अशा झुंडीनं बसतात, माणूस हलला नाही तर चावत नाहीत. नशीब म्हणा."

मी म्हनलं, "बाई, बाकीच्यांना का चावल्या मंग? आन माझी पोरगी बोंबलत व्हती की."

त्या म्हनल्या, "ते मलाही सांगता येत नाही."

घरी हे म्हनाले, "तू घाबरल्यालीस, तुला भास झाला." सासूबाई लग्नावरनं आल्या आन ऐकल्या ऐकल्या नारळ घेऊन निघाल्या, "देवीनं पदर घातला गं माझ्या नातीवर!"

मी म्हनलं, "आत्याबाई, देवीच्या पदराला सुकटीचा वास येतो व्हय?"

"गप बस, जीभ झडंल तुझी."

त्या नारळ फोडून आल्या. मी खोबरं खाल्लं, पन ते देवीचं असंल असं मला वाटत न्हाई. भास असंल असंबी वाटत न्हाई. माशी एकवेळ अंगावर बसंल, नुसती बसून ऱ्हाईल, मान्य. पन माशी पाठीवर थोपटती का? आन डोस्कं वर काढलं की दाबती का? तुमीच सांगा. तो हात रुंद व्हता, रापल्याला, कामाच्या मानसाचा. बाईचा का बाप्याचा ते सांगता येत न्हाई. पन त्याला म्हायती व्हतं काय करायचं ते. एवढं नक्की.

लय रात्री मी झोपले न्हाई. कुटं फॅन लागला तरी दचकायची. हे म्हनाले, सोड ते जेवनाचं काम. सासूबाई म्हनल्या, पोरीला त्या डोंगराला न्यायची न्हाई. मी आठवडाभर ऐकलं. मंग रिसॉर्टच्या मॅनेजरांकडं गेले. म्हनलं, "सायब, मी भाकरी नेनार. पन जीपमधी बसायच्या आधी पावन्यांच्या पिशव्या बगायच्या. यंत्र असलं तर यंत्र खाली ऱ्हानार, न्हाईतर माझ्या भाकऱ्या खाली ऱ्हातील."

ते म्हनाले, "अहो, गेस्टच्या बॅगा कशा तपासायच्या?"

मी म्हनलं, "मंग पिठलं तुमीच हाटा."

आता बगत्यात. निलेश सरच बगत्यात, त्यांना सांगावं लागत न्हाई.

मी वर जाते. टाक्यापाशी बी जाते. त्यानंतर पयल्यांदा गेलते तवा आजूबाजूला कोन न्हाई बगून हळूच इचारलं, "कोन व्हता तुमी?" पान्यावर एक चतुर उडत व्हता, बाकी काय न्हाई. ग्रुपवर कुनाला असं काय म्हायती असंल, त्या डोंगरातलं आईकलं असंल, तर सांगा. हसनाऱ्यांनी हसा, माझी पोरगी जिती हाय.

ती आता दुडूदुडू पळती. फुलावर माशी दिसली की हात पुढं करती, भीती म्हनून न्हाई. मला घाम फुटतो. म्हनून मी तिला रोज शिकिवते. मी तोंडानं घुंऽऽ केलं की जितं असंल तितं खाली बसायचं, त्वांड पोटात घालायचं, पळायचं न्हाई. तिला खेळ वाटतो, बसल्या बसल्या हसती. मी तिला हसू देत न्हाई, परत करून घेते. सासूबाई म्हनत्यात, "एवढा राखनदार हाय पोरीला, कशाला छळतीस?"

असंल राखनदार. ज्याला यायचंय त्यानं खुशाल यावं, त्याचे उपकार मी जल्मभर इसरनार न्हाई. पन मी त्याची वाट बगत बसनार न्हाई.

उठली बगा... ठेवते.