शाळेशी बिघडू नये म्हणून

यवतच्या पुढं हमरस्त्याला लागून एक वाडी आहे. तिथं रशिदाचा मिरची कांडायचा डंक होता. नवरा सिद्दीक ट्रकवर. महिन्यातून दोनदा घरी टेकला तर टेकला. त्यामुळं थोरला अफताब आणि धाकटी रुबी, दोघांच्या शाळेचं सगळं तिच्याच अंगावर. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली, पण पालकांची मीटिंग तिनं कधी चुकवली नाही. गॅदरिंगच्या जेवणाला मसाला तिच्याच डंकावरचा. गणिताचे कुदळे सर बाकीच्या आयांना सांगायचे, "पालक असावा तर असा."

दोन हजार एकची दिवाळीची सुट्टी नुकती संपली होती. गणित चुकलं म्हणून त्याच कुदळे सरांनी सातवीतल्या रुबीच्या कानफटात लगावली. पोर घरी आली ती कान दाबून आडवी झाली. सकाळी पाहतात तर उशीला रक्त. दौंडच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि मान हलवली. "पडदा फाटलाय. या कानानं ऐकू येईल का, सांगता येत नाही."

शेजारच्या तुळजाबाईनं पदर खोचला. "चल ठाण्यात. मी येते साक्षीला. मास्तर झाला म्हून काय पोरीचा जीव घेतो व्हय?"

रशिदा उठलीच होती. तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष हौसराव आप्पा दारात. चहा नको म्हणाले, ओट्यावर बसले.

"रशिदा, झालं ते वंगाळच झालं. पर अफताब औंदा दहावीला हाय न्हवं? तोंडी परीक्षा, प्रात्यक्षिकं, समदं शाळेच्या हातात. आन् शाळा म्हंजी गावच की. तुमचं हितं एकच घर. बिघडवून कसं चालंल?"

आवाज कसा लोण्यासारखा. धमकी म्हणावी तर धमकी नाही.

रशिदा खाली बसली. तुळजाबाई खोचलेला पदर सोडून निघून गेली.

पुढच्या मीटिंगला रशिदा गेली, सरांना नमस्कार केला. सर आधी चाचरले, मग अफताबच्या अभ्यासावर भरभरून बोलले. रुबीचं नाव त्यांनी काढलं नाही. तिनंही काढलं नाही. रुबीची शाळा सुटली ती सुटलीच. ती डंकावर मिरच्यांचे देठ खुडत बसायची. डाव्या अंगानं हाक मारली तर तिला पत्ता नसायचा.

अफताब पहिल्या वर्गात पास झाला. शाळेनं सत्कार ठेवला, त्यात रशिदालाही 'आदर्श पालक' म्हणून शाल-नारळ. दिला कुदळे सरांनीच. टाळ्या सगळ्यांत जोरात आप्पांच्या.

घरी आल्यावर रुबीनं विचारलं, "अम्मी, भाईच्या कानफटात बसली असती, तर गेली असतीस ठाण्यात?"

"आसं काय बोलतीस? मला दोघं सारखीच."

रुबी आईच्या तोंडाकडं बघत राहिली. रशिदानं उगाच शालीची घडी मोडून पुन्हा घातली. पोरीला बाजूला सारलं ते शाळेनं नव्हे, आपण, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख कळलं. कळून उपयोग नव्हता.

अफताब कारेगावात राहून कंपनीत लागला. रुबीला बघायला आलेली दोन स्थळं कानाचं कळताच फिरली. शेवटी तिला शिक्रापूरच्या एका बिजवराला दिली. लग्नाला कुदळे सर आले. रशिदानं त्यांना आग्रह करकरून वाढलं.

निरोपाच्या वेळी ती पोरीला जवळ घ्यायला गेली. रुबी दगडासारखी उभी राहिली, आणि गाडीत जाऊन बसली.