उधन्याला उतरा, पण रोटाच्या दिवशी जेवायला थांबू नका

सुरतला मी हौसेनं गेले नाही. लेकाचा फोन आला, "माय, पोर हातमाईन गयी. तू ये." भगवान पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या मिलमध्ये आहे. उगाच रडणारा नाही, म्हणून पिशवी भरली. तशीही कानबाई, आमची खान्देशातली श्रावणातली देवी, चार दिवसांवर आली होती, आणि रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायला घरातली थोरली लागते. थोरली म्हणजे मी. माझ्यावरच्या सगळ्या गेल्या.

नंदुरबारहून सकाळची पॅसेंजर धरा. तिकीट स्वस्त आहे, पण बसायला जागा मिळेलच असं नाही. मी एका पोराच्या पायावर गाठोडं ठेवलं, तो आपोआप उठला. नवापूरला भजी मिळतात, तेलकट आहेत, तरी खाल्ली. पाणी घरचं न्या. आणि सुरतेपर्यंत जाऊ नका, आधी उधन्याला उतरा. तिथून पांडेसऱ्याला शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाला माणसं कोंबत राहतो. "माँजी, थोडा खिसको," म्हणाला. मी म्हटलं, "अजून कुठं सरकू, तुझ्या मांडीवर बसू?" गाडीभर लोक हसले, मला काही हसू आलं नाही. गुडघे बोलत होते.

पांडेसऱ्याचा वास सांगून कळायचा नाही. वाफ, रंग, सोडा, सगळं नाकात एकदम जातं. दुसऱ्या दिवशी कळेनासा होतो, एवढंच त्यातलं बरं.

घरात शिरले तर नात काजल पुस्तकात डोकं घालून. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. भगवाननं पाणी द्यायच्या आत गाऱ्हाणं सुरू केलं. वरच्या मजल्यावर सुशीला नर्स राहते, नवापूरकडची, ख्रिश्चन. तिनं काजलला हे जाडं हिंदी पुस्तक दिलं. तेव्हापासून पोरगी म्हणते, यंदा कानबाईपुढं हात जोडणार नाही. भगवाननंही तोंडातून काढलं होतं, "हात जोडशील नही तं कॉलेज बंद. गावले जाय."

म्हणजे आता एकाला तरी माघार घ्यावी लागणार, आणि दोघंही माझ्यावर गेलेले.

दुसऱ्या दिवशी भगवान ड्यूटीवर गेला. मी म्हटलं, "वाच गं, काय आहे त्यात ते ऐकू तरी." मी चौथी शिकलेली, तेही मराठी. ती हिंदी वाचायची आणि मध्येमध्ये मला समजावून सांगायची. जादूचा देश आहे. तिथं दिवे विझलेत. एक पोरगी तेल चोरते, तिला मिठाच्या विहिरीत सोडायची शिक्षा होते. तर राजाचा मुलगा मुकुट काढून ठेवतो आणि तिच्या जागी स्वतः उतरतो.

"त्याला दुसरं काम नव्हतं?" मी विचारलं.

"आजी, ऐक ना!"

ऐकलं. तो मरतो, मग परत येतो. ते मला पटलं नाही. शेवटी मोठं जेवण असतं, सगळ्यांची नावं घेतात. चोरटी दाराआड उभी असते आणि आत तिचं ताट आधीच मांडलेलं असतं. इथं काजलनं पुस्तक मिटलं आणि ओढणीनं नाक पुसलं.

"तुला ख्रिश्चन व्हायचंय का?" मी सरळच विचारलं.

"नाही गं. पण चोर पोरीचं पण ताट होतं आजी. आपल्या रोटात घरातल्या पुरुषांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू घेतात. माझ्या नावाचा एक दाणा नाही. मग कानबाई माझी कोण?"

मी चहा प्याले. गार झाला होता.

संध्याकाळी सुशीला जिन्यात भेटली. मी भांडायच्याच तयारीत होते. ती म्हणाली, "आजी, पोरीला चर्चला न्यायला नाही दिलं मी ते. ड्यूटी करून करून माझीच प्रार्थना सुटली होती. ही गोष्ट वाचली आणि परत गुडघे टेकले. चांगली वाटली म्हणून दिली." आता अशा बाईशी काय भांडायचं! शिवाय गुडघे टेकता येतात तिला, माझे वाकतही नाहीत.

शनिवारी गहू मोजायला बसले. भगवानची सव्वा मूठ टाकली, नातवाची, काजलच्या धाकट्या भावाची, टाकली. मग काजलला हाक मारली. "बस. तुझी तू टाक."

भगवान ताडकन उठला. "माय, हाई चालत नही!"

"कानबाई बाई आहे ना रे? बाईला बाईची मूठ जड व्हायची नाही. कोपली तर माझ्यावर कोपेल. माझं काय नेणार आहे, हे गुडघे?"

तो बाहेर जाऊन उभा राहिला. पण दार लावलं नाही त्यानं. काजलनं आपली टाकली, मग न विचारता आईची टाकली. सून पदरानं नुसती पाट पुसत राहिली, स्वच्छ होता तरी. मग पोरीनं तिसऱ्यांदा मूठ भरली आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "माझी नको. दात नाहीत. रोट उरवता येत नाही, संपवावा लागतो, कोण खाईल?"

रविवारी कानबाई बसली. काजलनं हात जोडले. डोळे मिटले नाहीत, देवी म्हणून मांडलेल्या नारळाकडं बघत राहिली, जाब विचारल्यासारखी. भगवाननं कॉलेज बंद करायचं नाव परत काढलं नाही.

त्या दिवशी कोणा खान्देशी घरी जेवायला जाऊ नका. रोट बाहेरच्याला देत नाहीत. सुशीला दारात आली, तिला चहा-चिवड्यावर भागवावं लागलं. "आमच्यात भाकर वाटून खातात, कोणीही या," ती हसत म्हणाली. मी म्हटलं, "मग तुमचं उरत नसेल. आम्ही बघ, चावून चावून जबडे दुखले." दोन मुठी जास्तीच्या होत्या ना.

विसर्जन झालं आणि परतीची गाडी धरली. उभ्यानं आले. आता घरी आहे, पाय गरम पाण्यात, आणि हे फोनमध्ये बोलतेय, तो लिहितोय. गावातल्या जाऊबाईचा फोन येऊन गेला, "ऐकलं ते खरं का?" खरं म्हटलं आणि ठेवला.

त्या पुस्तकातला देव मला कळला नाही. माझा मला कळला होता असं वाटत होतं. पुढच्या श्रावणात काजल परत मूठ भरून माझ्याकडं बघणार. दातांचं कारण एकदा चाललं. दुसरं शोधतेय, अजून सापडलेलं नाही.