पाच डब्यांचा पाठिंबा

सुधीर नवाथे एकतीस वर्षं तुर्भ्याच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. काम शेड जुळवण्याचं. गिऱ्हाइकाने पाठवलेला नमुना आणि कारखान्यात घोटलेला रंग शेजारी ठेवायचा आणि दोन्ही एकच आहेत का ते सांगायचं. त्यांनी 'नाही' म्हटल्यावर मशीनने 'हो' म्हटलेलंही कुणी ऐकत नसे. माणसांच्या बाबतीत मात्र ही नजर त्यांनी कधी वापरली नाही. सुट्टीच्या दिवशी कशाला, असं त्यांना वाटत असावं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात ते नेरूळच्या बाजारात कोथिंबीर आणायला गेले आणि एका टोपलीपाशी थांबले. टोपलीत गुलाबी, निळी, हिरवी पिलं चिवचिवत होती. नवाथ्यांना पिलांत रस नव्हता. तो हिरवा कशाने काढलाय, यात होता. ते उकिडवे बसून पंधरा मिनिटं पाहत राहिले. इतका वेळ बसलेल्या माणसाला कुठलाही विक्रेता रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. कोथिंबीर राहिली, पिलू आलं.

अशी रंगवलेली पिलं आठवडाभरच जगतात, आणि जगलीच तर बहुतेक कोंबडे निघतात. हिने दोन्ही केलं नाही. महिन्याभरात हिरवा उडाला आणि खालून तपकिरी आला, ज्याला नवाथे 'आपल्या शेडकार्डात नसलेला' असं म्हणत. ती एका पायावर तासन्‌तास उभी राही, म्हणून तिचं नाव पुतळा पडलं.

नवाथ्यांचा फ्लॅट सीवूड्सला, अठ्ठावीस बिऱ्हाडांच्या सोसायटीत, तळमजल्यावर. मागे कुंपणापर्यंत दहा फुटांची पट्टी, त्यात त्यांच्या पत्नी मीनाताईंची तुळस आणि जास्वंद. तिथे पुतळा राहू लागली. कोपऱ्यावर मासे विकणाऱ्या कारावे गावच्या गोजराबाईंकडे नवाथे थांबू लागले. मासे ते घेत नसत, सल्ला घेत.

"एकटी ठेवलीव?" गोजराबाई म्हणाल्या. "एकटी कोंबरी येडी व्हते. मानसासारीच हाय ती."

त्यांच्याच घरच्या दोन तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मग पट्टीत आल्या आणि पुतळा शहाणी राहिली.

पहिलं अंडं तुळशीच्या कुंडीत सापडलं. नवाथ्यांच्या घरात त्याआधी अंडं आलं नव्हतं. मीनाताईंनी ते लांबून पाहिलं.

"हे फ्रिजमध्ये ठेवायचं नाही."

"मग कुठे ठेवू?"

"जे खातात त्यांना द्या."

अडचण अशी की सोसायटीत कुणीच खात नव्हतं. निदान नावाच्या पाट्यांवरून तसं वाटे. पण नवाथ्यांनी लिफ्टमध्ये सहज विषय काढला आणि आठवडाभरात पाच घरांनी हळू आवाजात आपापली परिस्थिती सांगितली. एका घरात मुलीची हाडं कच्ची होती. एका घरात सासऱ्यांना कळणार नसेल तर चालणार होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुनयनाबाई एकट्या राहत, त्या म्हणाल्या, "माझ्या घरात विचारणारं कोण आहे?" सोसायटीचा तरुण सेक्रेटरी निखिल व्यायामशाळेत जायचा, आईच्या स्वयंपाकघरात त्याला मज्जाव होता, म्हणून तो सोसायटीच्या ऑफिसातल्या चहाच्या केटलीत अंडी उकडे. त्या ऑफिसातल्या चहाला वेगळीच चव आहे, हे पुष्कळांच्या लक्षात आलं होतं.

नवाथे अंडी स्टीलच्या डब्यातून पोचवत, वर रुमाल टाकून. कुणाकडे काय जातं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करायची रीत नाही. त्यामुळे डबे भरून येत: शिरा, थालीपीठ, कुणाच्या माहेरचे आंबोशीचे तुकडे, एकादशीला साबुदाण्याची खिचडीसुद्धा. नवाथे मनात म्हणत, ही पाच घरं आपली आहेत. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला चुकलेला शेड.

याच काळात मीनाताई रोज तीन वाजता सुनयनाबाईंकडे क्रोशाचं विणकाम शिकायला जाऊ लागल्या. दोन वर्षांत एक रुमाल झाला. कठीण कला असते ती.

मग तिसऱ्या मजल्यावर एक नवीन बिऱ्हाड आलं आणि त्यांनी अर्ज दिला: पिसं, वास, बर्ड फ्लूचं टेन्शन, आणि अंडं घातल्यावर होणारा कलकलाट. अर्ज खोटा नव्हता. पुतळा अंडं घातल्यावर पाच मिनिटं सगळ्या इमारतीला ती बातमी देत असे. वार्षिक सभेत 'आवारात पशुपक्षी पाळू नयेत' असा ठराव आला.

नवाथे सभेला इस्त्रीचा शर्ट घालून गेले. त्यांनी मनाशी जुळणी केली होती: पाच घरं आपली, त्यांच्या ओळखीची पाच-सात, स्वतःचं एक. बाकीचे गप्प बसतील. गप्प बसणं हा सोसायटीचा स्वभावच होता.

ठराव वाचून झाला. नवाथे बोलले, थोडक्यात आणि नीट. वास येऊ नये म्हणून रोज भुसा बदलतो, कोंबडा ठेवलेला नाही, कुणाला त्रास झाला असेल तर माफी मागतो. दोन-चार माना हलल्या. सुनयनाबाई घसा साफ करून उठायच्या बेतात होत्या. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा, ज्यांचा कुणावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, म्हणाले:

"ते सगळं ठीक आहे हो. पण तुम्ही खात नाही, आम्ही खात नाही. मग ही अंडी जातात कुठे?"

सुनयनाबाई ज्या वेगाने उठत होत्या, त्याच्या दुप्पट वेगाने बसल्या.

"तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही," निखिल म्हणाला. "आपण डायरेक्ट मतदान घेऊ. ठरावाच्या बाजूने?"

हात वर झाले. कच्च्या हाडांच्या मुलीच्या वडिलांचा, सासऱ्यांना न कळवणाऱ्या सुनेचा आणि, घराचं मत एकच असलं तरी, सासऱ्यांचाही. ज्या घरांत कधीच अंडं गेलं नव्हतं, तिथली माणसं विचार करत होती. ज्यांच्या घरी जात होतं, त्यांचे हात सरळ होते. नवाथ्यांनी एकेक हात पाहिला. जुनी सवय, शेजारी शेजारी ठेवून पाहायची.

"विरोधात?"

नवाथ्यांनी हात वर केला.

"काका, पर्सनल घेऊ नका," निखिल हळूच म्हणाला, "पण फर्स्ट मेंबर काकू आहेत. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे. त्या हजर असताना मत त्यांचं धरायचं."

"मग त्यांचं धरा."

"धरलंय, काका. त्यांनी मघाशीच केलाय वर. बाजूने."

नवाथ्यांनी वळून पाहिलं. मीनाताई बायकांच्या रांगेत, सुनयनाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. हात खाली आला होता, पण पदर अजून कोपरापाशी अडकलेला होता. तो त्या सोडवत राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला. नवाथे खुर्चीत बसले.

"तू हात वर केलास."

"सगळ्यांनीच केला."

"सगळ्यांच्या घरी कोंबड्या नाहीत."

मीनाताईंनी आलं किसलं, गरजेपेक्षा जास्त. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "म्हटलं, विषय संपू दे. त्या आजोबांनी तसं विचारल्यावर मला वाटलं, सुनयना आता बोलून जाणार."

"काय बोलून जाणार?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझं बी-ट्वेल्व्ह अगदीच खाली गेलं होतं. रोज एक, उकडून. तिच्याकडे. घरात तुम्हाला चाललं नसतं."

कारखान्याच्या कँटीनमध्ये दर बुधवारी ऑम्लेट-पाव असे. तो नवाथ्यांनी एकतीस वर्षं खाल्ला होता आणि घरी येण्याआधी बडीशेप चघळली होती, मीनाला चालणार नाही म्हणून. हे सांगायची वेळ ही नव्हती. किंवा हीच होती. त्यांनी सांगितलं नाही.

"खाल्लंस त्याचं काही नाही," ते म्हणाले. "तिचंच खाल्लंस आणि हात वर केलास."

"अहो, कोंबडी आहे ती."

"हो," नवाथे म्हणाले. "तेवढी एकच या सोसायटीत काही लपवत नव्हती."

चहा दोघांनी घेतला. चहात आलं जास्त झालं होतं, ते कुणी बोललं नाही.

कोंबड्या हलवायला पंधरा दिवसांची मुदत होती. या दिवसांत पाचही घरांनी नवाथ्यांना स्वतंत्रपणे गाठून वाईट वाटल्याचं कळवलं. सुनयनाबाईंनी तर डब्यात गुळाच्या पोळ्या आणून दिल्या. निखिलने एक प्राणिमित्र संस्थेचा नंबर पाठवला; श्रुती नावाच्या तिथल्या मुलीने फोनवर फार प्रेमाने सांगितलं की कोंबड्यांना 'फॉरएव्हर होम' मिळेल. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. नवाथ्यांनी फोन ठेवला. प्रेमाने बोलणाऱ्यांचा त्यांना त्या आठवड्यात कंटाळा आला होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी ते तिन्ही कोंबड्या दोन पिशव्यांत घालून रिक्षाने कारावे गावात गेले. गोजराबाईंचं घर तीन मजली. खाली भाडेकरू, वर त्या, त्याच्या वर गच्चीवर कोंबड्या. गोजराबाईंनी पिशवीत डोकावून आपल्या दोन ओळखल्या आणि तिसरी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं.

"ही बाजारची हाय ना? बरी जगली."

"ठेवाल का?"

"ठेवीन. बाराचा खुराडा हाय, तीन जास्ती. काय फरक परतंय?"

"तुम्ही..." नवाथे थांबले. "कापणार नाही ना?"

गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "अंडी देते तवर कशाला कापीन? थांबली का कापीन. जत्रा आली, पावना आला, मंग कापावीच लागते. तुमाला खोटा कशाला सांगू?"

"किती दिवस देईल?"

"दीड वरीस. लय तर दोन." मग जरा मऊ आवाजात, "नको तर घेऊन जा, दादा. मी वाईट मानत नाय."

नवाथे गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले. पंधरा दिवसांत त्यांना इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. गोजराबाई मुद्दा बदलत नव्हत्या आणि डबाही देत नव्हत्या.

"ठेवा," ते म्हणाले.

गोजराबाईंच्या दोघी घरच्याच होत्या, त्या लगेच दाणे टिपायला गेल्या. पुतळाला मात्र बांधावं लागणार होतं. नवी कोंबडी तीन दिवस पाय बांधून ठेवतात, म्हणजे जागा ओळखीची होते आणि ती उडून जात नाही. गोजराबाईंनी सुतळी पुढे केली.

"तुमीच बांधा. तुमच्या हाती गप ऱ्हाईल ती."

पुतळा खरोखरच गप्प राहिली. नवाथ्यांनी तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिने डोळे अर्धे मिटले आणि पाय स्वतःहून पुढे ठेवला, नखांतली घाण काढायला ते रोज हातात घ्यायचे तसा. त्यांनी सुतळीचे दोन वेढे घेतले, दुसरं टोक पाण्याच्या पाइपाला लावलं आणि तिला खाली सोडलं. ती दोन पावलं गेली, सुतळी ताणली, थांबली, आणि वळून त्यांच्याकडे पाहू लागली.

गोजराबाईंनी वाकून गाठ चाचपली. "हा, सैल ठेवलीव," त्या म्हणाल्या आणि सोडून पुन्हा घट्ट बांधली.