काळ्या पट्ट्यांची धास्ती

भीतीचे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. जळगाव जामोदला माझा कीबोर्डचा क्लास आहे. पोरांना जॅझ शिकवायला लागले आणि माझ्याकडे अशा किश्शांचं कोठारच झालं. शिकवते काय, तर फक्त पाच काळ्या पट्ट्या. तबल्याचा ठेका चालू ठेवायचा, आपली पाळी आली की त्या पाचांतून मनाला येईल ते वाजवायचं. पाठ काहीच करायचं नाही. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं.

*

गौरीचे वडील विनायकभाऊ मोटारपंप दुरुस्त करतात. गेल्या गॅदरिंगला गौरीचं भाषण अडकलं, लोक हसले. नाव घालतानाच त्यांनी मला बजावलं, "मॅडम, पुन्हा लोकायसमोर अडकली तं त्याच दिवशी क्लास बंद."

पोरगी सुंदर वाजवायची, पण दार लावलेलं असेल तरच. बाहेर चपलांचा आवाज आला की बोटं जागच्या जागी थांबायची.

*

पहिल्या दिवशी म्हटलं, वाजवा. सगळ्यांचे हात मांड्यांखाली! शाळेत कायम पहिला येणारा अथर्व रडवेला झाला. म्हणे, आधी तुम्ही वाजवा, मग मी अगदी तसंच वाजवतो.

पुढच्या आठवड्यात अख्ख्या वर्गाने एकच चाल वाजवली. चौकशी केली, तर सगळ्यांनी अथर्वची चाल घोकली होती.

"तो पहिला येते नं मॅडम. त्याचं बरोबरच असन."

*

एका आईला वेगळाच घोर. पोरगी कालचं आज वाजवत नाही, रोज नवंच काहीतरी. विसरते की काय, म्हणून बाई तिला भिजवलेले बदाम चारत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं.

"संगीतात ठीक हाय मॅडम," त्या म्हणाल्या, "पण पाढ्यात असंच करून राह्यली तं?"



*

मग क्लासचा कार्यक्रम आला. हॉल भरलेला, विनायकभाऊ पहिल्या रांगेत. गौरीपेक्षा मीच जास्त घाबरले होते.

तिची पाळी आली. तिने एक पट्टी दाबली. पुन्हा तीच दाबली. मग हात मांडीवर घेतले. तबला चालूच होता. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

विनायकभाऊ उठले. चपलांसकट स्टेजवर चढले आणि तिचा दंड धरून म्हणाले, "चाल घरी."

गौरी जागची हलली नाही. माइक समोरच होता, त्यामुळे तिचं हळू बोलणंही सगळ्या हॉलने ऐकलं.

"बाबा, थांबा नं. माही पाळी संपली नाई अजून."

तबलेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, वाजवत राहा.

विनायकभाऊंनी दंड सोडला. मग तिथंच स्टेजवर वाकून त्यांनी चपला काढल्या.